न्ताते मोखेथींच्या सोबतीला कोण जाणार

न्ताते मोखेथी (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही न्ताते म्हणतो, म्हणजे बाबा) माणूसघाणे होते, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या मयतीत भाषणं झाली, त्यांत त्यांना तीन जणांनी 'सगळ्यांचा जिवलग' म्हटलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! जिवलग ते होते, पण चार पायांच्यांचे. दोन पायांचं कुणी दिसलं की वाट चुकून आपल्या शेतात शिरलेलं जनावर बघावं तसं बघायचे, आणि तेही दूध न देणारं.

आमच्या लेसोथोत अर्धी जमीन आडवी नाही, उभी आहे, त्यामुळे येणारा-जाणारा घोड्यावर. घोडेस्वार समोरून आला की थांबायचं, टोपीला हात लावायचा, घरच्यांची खुशाली विचारायची, ही रीत. न्ताते थांबायचे, पण खुशाली घोड्याची विचारायचे. "काय रे, पाठ कशी आहे? खोगीर घासतंय ना? दाखव बघू." मग मान चोळायची, खूर उचलून बघायचा, दात बघायचे आणि सगळ्यात शेवटी वर नजर टाकून म्हणायचे, "अच्छा, तू आहेस होय." एकदा वर पाद्रीबुवा होते. पुढच्या रविवारी त्यांनी उद्धटपणावर पाऊण तास प्रवचन दिलं. न्ताते पहिल्याच बाकावर बसून छान झोपले होते.

गावात त्यांना 'गाईंचा जावई' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण गाय अडली, मेंढीच्या खुरात किडे झाले, गाढवानं चरणं सोडलं की सगळ्यांना त्याच दारात जावं लागायचं. काम झालं की परत जावई. गरज सरो, वैद्य मरो.

मी पोत्लाको. मेंढ्यांना खरजेच्या औषधात बुडवायची जी सरकारी टाकी आहे आमच्या हा-फोका गावाच्या खाली, तिच्यावर मी विसाव्या वर्षी न्तातेंच्या हाताखाली लागलो. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं मी एका मेंढीला मागून लाथ घालून पाण्यात ढकलणार, तेवढ्यात न्ताते म्हणाले, "थांब. आधी तू उतर."

"मी?"

"औषध अजून घातलं नाही. नुसतं पाणी आहे. उतर."

कडेला बर्फाची पापडी धरली होती. मी गळ्यापर्यंत उतरलो. दात वाजायला लागले, आवाज निघेना.

"आता कळलं का ती का ओरडते?"

"क-क-कळलं."

"मग ये वर. आता हळू ढकलशील."

त्या दिवशी त्यांना मी मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तीस वर्षं झाली, एकही मेंढी मी धपकन ढकललेली नाही. असे हे आमचे गुरू. शिकवणं म्हणजे शिष्याला गारठवणं.

ते मांस खायचे. कुणाला वाटेल जनावरांवर एवढा जीव म्हणजे पालेभाजीवर राहत असतील. छे! पण ओळखीच्याचं खायचे नाहीत. लग्नात ताट पुढे आलं की सगळे विचारतात, काय आहे? हे विचारायचे, "कोण आहे?" वाढणारी बाई गोंधळून म्हणायची, "अहो, बैल आहे." "ते दिसतंय. कुणाचा? डाव्या डोळ्यात फूल होतं तो?" होतं म्हटलं की ताट बाजूला सारून नुसतं पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि पालेभाजी गिळायचे. शेजारी बसलेल्यांचा घास घशातच अडकायचा. हळूहळू त्यांना लग्नाची बोलावणी येईनाशी झाली. त्याचा त्यांना केवढा आनंद!

त्यांचा धाकटा भाऊ लेतूका याचं नि त्यांचं कधी पटलं नाही. पटणार कसं? लेतूकाकाका एकदा दोन पोती मका गाढवावर लादून गिरणीला निघाले होते. चढाच्या पायथ्याशी न्तातेंनी अडवलं.

"किती पोती आहेत रे?"

"दिसत नाही? दोन."

"आणि तू किती घेतलीस?"

"मी? मी माणूस आहे, दादा!"

"ते मी आईला कितीदा विचारलं, तिलाही खात्री नव्हती," असं म्हणून त्यांनी एक पोतं सोडलं, भावाच्या खांद्यावर ठेवलं आणि गिरणीपर्यंत गाढवाच्या शेजारून चालत गेले. गाढवाशी गप्पा मारत. सगळं गाव दारात येऊन बघत होतं. लेतूकाकाकांनी ते पोतं गिरणीत उतरवलं, पण मनातून कधीच उतरवलं नाही.

उतारवयात न्तातेंच्या दगडी गोठ्यात एकच जनावर उरलं, फ्रान्समान नावाचा बैल. सीमेपलीकडच्या कुणा गोऱ्या बोअर शेतकऱ्यानं ठेवलेलं नाव. फ्रान्स कुठे आहे हे बैलाला ठाऊक नव्हतं आणि न्तातेंनाही. बारा वर्षं त्यानं नांगर ओढला, नंतर न्तातेंनी त्याला कामातून मोकळं केलं. सरकारनं न्तातेंना म्हातारपणाचं पेन्शन सुरू केलं तेव्हा म्हणाले, "यातलं निम्मं त्याचं. नांगर त्यानं ओढला, मी नुसता मागून शिव्या देत होतो." बायको कधीच गेली होती, मुलगा सेचाबा खाणीत, सीमेपलीकडे. घरात म्हातारा, गोठ्यात म्हातारा. दोघंही खोकायचे.

गेल्या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, कडाक्याचं हिव पडलं. नळ फुटले, कोंबड्या काठीवरून टपाटप पडल्या. न्तातेंनी काय करावं? स्वतःचं लग्नातलं जाड लोकरीचं ब्लँकेट बैलाच्या पाठीवर घातलं आणि आपण पोत्यात गुंडाळून झोपले. चार दिवसांत छाती भरली. मी गेलो तर श्वास घरघरत होता.

"दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"आधी त्याचा खोकला बघ."

"न्ताते, तो बैल आहे!"

"म्हणूनच. त्याला दवाखान्यात घेणार नाहीत."

बैलाचा खोकला दोन दिवसांत थांबला. न्तातेंचाही थांबला, पण वेगळ्या तऱ्हेनं. जायच्या आदल्या दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "ऐक. माझ्या सोबतीला फ्रान्समानला कापायचं नाही. मी जाईन एकटा, पायी. त्या बिचाऱ्यानं जन्मभर चढच चढलेत. वचन दे."

मी दिलं. मरणाऱ्याला वचन द्यायला काय लागतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. ते पाळायचं कसं, हा विचार ते गेल्यावर आला. कारण आमच्याकडे कर्ता माणूस गेला की त्याच्या सोबतीला जनावर द्यावंच लागतं. शुक्रवारी कापायचं, शनिवारी माती द्यायची. सोबतीशिवाय गेलेल्याला वाडवडील दारात उभं करत नाहीत, मग तो परत येऊन घरच्यांच्या स्वप्नात उभा राहतो. आणि सोबतीचं मांस कुठे जातं ते सांगायला नको. ज्यांनी न्तातेंना वीस वर्षं जेवायला बोलावलं नाही, ते बुधवारपासूनच सुऱ्या परजत होते.

गुरुवारी सकाळी गोठ्याच्या भिंतीपाशी बैठक बसली. गावच्या प्रमुख मोरेना मांत्साने खुर्चीवर, बाकीचे दगडांवर. न्तातेंची थोरली बहीण मापुलेंगआत्या जमिनीवर चटई टाकून बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, दात एकही नाही, पण चावते. सेचाबा आदल्या दिवशी खाणीतून आला होता. तो मान खाली घालून बसला होता. भिंतीपलीकडे फ्रान्समान रवंथ करत उभा होता, पाठीवर अजून तेच ब्लँकेट.

लेतूकाकाका उभे राहिले. "बोलण्यासारखं काही नाही. गोठ्यात एक जनावर आहे, ते घ्यायचं. शिवाय ह्याच बैलानं माझ्या दादाला खाल्लं. ब्लँकेट कुणाच्या अंगावर आहे बघा!"

मी वचनाचं सांगितलं. लोक हसले.

"तापात बरळला असेल," लेतूकाकाका म्हणाले.

"ताप नव्हता. मनगट धरून म्हणाले."

"मग वयानं बरळला असेल. हे बघ पोत्लाको, तू त्याचा शिष्य, मी त्याचा भाऊ. तुला मेंढ्या बुडवायला शिकवलं असेल, आम्हाला रीत शिकवू नको."

"दुसरं जनावर घेऊ. मी वर्गणी काढतो."

"विकतचं?" काकांनी कानांवर हात ठेवले. "मोरेना, ऐकताय ना? अहो, सोबतीचं जनावर मेलेल्याच्या स्वतःच्या मालकीचं लागतं! परक्याचं घेऊन गेला तर वाडवडील विचारतील, कुठून चोरून आणलंस? माझ्या भावाला वर चोर ठरवता? सांगा, रीत काय आहे?"

"त्याच्या मालकीचंच लागतं," मोरेना म्हणाल्या. "ही रीत आहे."

"सगळ्यांनी ऐकलं ना?"

सगळ्यांनी ऐकलं. माना डोलल्या. काकांना एवढं पक्कं करून घ्यायची काही गरज नव्हती. पण जिंकणाऱ्याला थांबायचं कुठे हे कळत नाही.

"बरं," मी म्हणालो, "त्यांच्या मालकीचंच लागतं. मग काका, तुमच्या गोठ्यातली तांबडी गाय आणा."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. काकांना मात्र कळलं, कारण त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

गोष्ट अशी, की गरजवंताला गाय सांभाळायला द्यायची आमची जुनी पद्धत आहे, माफिसा म्हणतात तिला. दूध तुमचं, शेण तुमचं, नांगराला जुंपा, पण जनावर मालकाचं. एरवी चार साक्षीदारांसमोर देतात. न्तातेंनी मात्र एकेक करून, गुपचूप दिल्या. ज्याच्या घरात तान्हं मूल आणि आईच्या अंगावर दूध नाही, त्याच्या दारात एक दिवस गाय बांधलेली असायची आणि न्ताते म्हणायचे, "कुणाला सांगायचं नाही. लोकांना कळलं तर आभार मानायला घरी येतील. बसतील." मग दर आठवड्याला जाऊन आचळं बघायचे, खूर बघायचे, घरच्यांना शिव्या घालून परत यायचे. लोक म्हणायचे, निघाला जावई सासुरवाडीला.

"ती गाय मी विकत घेतलीय!" लेतूकाकाकांना कंठ फुटला.

"डाव्या कानाचं टोक कापलेलं, उजव्याला खालून खाच. ही न्तातेंची खूण. टाकीवर तीस वर्षं मी कानच धरतोय, काका. विकत घेतली तर विक्रीच्या चिठ्ठीवर मोरेनांचा शिक्का असेल."

मोरेना सावकाश म्हणाल्या, "मोखेथीनं जन्मात एकही गाय विकली नाही. मी एकही चिठ्ठी दिलेली नाही."

"म्हणजे... दादानं दिली. भावाला भाऊ देतोच की!"

"दिली, की सांभाळायला दिली?" आत्यानं चटईवरून विचारलं.

काका जमिनीकडे बघायला लागले. एकदम माझ्या लक्षात आलं की नजर चुकवणारे एकटे काकाच नव्हते. खाई त्याला खवखवे. समोरच्या दगडावरचे शाळामास्तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होते. चर्चच्या गायनमंडळाचा म्होरक्या आभाळाकडे बघत होता, तिथे ढगसुद्धा नव्हता. विधवा मात्लोत्सोनं ब्लँकेटआड तोंड लपवलं. मी एकेकाकडे बघत गेलो आणि मनात कान मोजत गेलो. एक, दोन, पाच, सहा. बैठकीतल्या निम्म्या लोकांच्या चहात न्तातेंचं दूध होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, म्हाताऱ्याबरोबर आपलं गुपितही मातीत जाईल.

आणि मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. सगळं गाव पाच मिनिटांत प्राणिप्रेमी झालं.

"मी काय म्हणतो," मास्तर खाकरले, "काळ बदललाय. जनावर कापायलाच हवं का? मेंढी चालेल."

"मेंढी तरी कशाला," म्होरक्या म्हणाला, "मुका जीव! कोंबडी बघा. न्तातेंना हिंसा आवडायची नाही."

"आणि दुभती गाय म्हणजे पापच हो!" लेतूकाकाका डोळे पुसत म्हणाले. "माझ्या नातवंडांच्या तोंडचं दूध!"

"आत्ता तर रीत सांगत होता," मी म्हणालो. मला फार मजा येत होती. खोटं कशाला बोलू? फ्रान्समान वाचला होता, गुरूचं वचन पाळलं गेलं होतं, आणि अख्खं गाव माझ्यासमोर नाडी बांधत होतं. अशी सकाळ माणसाच्या आयुष्यात एकदाच येते. ती दहा मिनिटं टिकली.

"आणि पोत्लाको," आत्या म्हणाली, "तुझ्या गोठ्यातली नालेदी रे? कपाळावर चांदणी असलेली काळी. तिचे कान कसे आहेत?"

घरून निघताना बायको म्हणाली होती, "त्या बैलासाठी हवं तेवढं भांडा, पण कानांचा विषय काढू नका." मी काढला. मला वाटलं, जो बोट दाखवतो त्याच्याकडे कुणी बघत नाही.

नालेदी माझ्याकडे नऊ वर्षं होती. माझी धाकटी जन्मली आणि बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा न्तातेंनी आणून बांधली. पोरगी तिच्या दुधावर वाढली. तिची चार वासरं मी विकून खाल्ली. लोकांना सांगितलं, विकत घेतलीय. न्ताते समोर असताना सांगितलं. ते फक्त नालेदीच्या कानामागे खाजवत राहिले. आणि ते गेले त्या संध्याकाळी, खरं सांगतो, दुःखाच्या मागोमाग माझ्याही मनात तोच विचार येऊन गेला होता, जो त्या सहाजणांच्या मनात आला.

"सांग ना," आत्या म्हणाली, "कसे आहेत?"

"डाव्याचं टोक कापलेलं," मी म्हणालो. "उजव्याला खालून खाच."

आता हसायची पाळी त्यांची होती, पण कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे आशेनं बघत होते. सगळ्यांना एकच हवं होतं, कुणीतरी दुसऱ्यानं आपली गाय आणावी. भिंतीपलीकडे फ्रान्समाननं शिंगं दगडावर घासली. त्या क्षणी मला वाटलं, कापा त्याला. म्हातारा आहे, दात पडलेत, किती दिवस जगणार? वचन ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. माझी गाय तरणी आहे, तिच्या पायाशी तीन महिन्यांची कालवड आहे. तीस वर्षांच्या शिकवणीतून माझ्या हाती आलं ते एवढंच, आणि तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं ते फक्त आत्या बघत होती म्हणून.

"नालेदीला आणतो," मी म्हणालो.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. लेतूकाकाका तर उठून मला मिठीच मारायला आले. "शिष्य असावा तर असा!" तेव्हा सेचाबानं पहिल्यांदा मान वर केली. "बाकीच्या गाई बाबांनी जिथे ठेवल्यात तिथेच राहू देत," तो म्हणाला. "मी खाणीत त्या कुठे चारू? पण आता सगळ्यांना माहीत झालंय. पोरांना दूध देताना कुणाची गाय ते सांगत जा." मास्तरांच्या नाडीची गाठ एकदाची बसली. फ्रान्समानला सेचाबानं माझ्याकडे सांभाळायला दिलं, या वेळी चार साक्षीदारांसमोर.

शुक्रवारी सकाळी मी नालेदीला घेऊन आलो. दोर लागलाच नाही. मी पुढे चाललो, ती मागून आली, नऊ वर्षं येत होती तशी. कापणाऱ्यांनी सुरी दाखवली तेव्हा मी म्हटलं, तिच्यासमोर धार लावू नका, आणि तिचं तोंड माझ्या छातीशी धरलं. ती माझी बाही चाटत होती. मी ढसाढसा रडलो. इतका की कापणारेसुद्धा ओशाळले.

"रड, पोरा, रड," लेतूकाकाका माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "बापासारखा होता तुला."

मी मान हलवली. आजही गावात सांगतात, मोखेथीसाठी त्याचा शिष्य जसा रडला तसा सख्खा मुलगा रडला नाही. पण त्या रडण्यात न्तातेंसाठी एक थेंब नव्हता. मी माझ्या गाईसाठी रडत होतो, आणि ज्यानं ती मला दिली आणि परत घेतली त्याच्यावर चिडलो होतो.

नालेदीची कालवड शुक्रवारपासून हंबरायला लागली. बाटलीनं दूध पाजून पाहिलं, बोट चोखायला दिलं, दुसऱ्या गाईला लावून पाहिलं. काही घेईना. सोमवारी तिच्यानं उभंही राहवेना. बायको म्हणाली, "आता हिला काय करायचं?" मी म्हणालो, "थांब, विचारून येतो," आणि टोपी घालून निघालो. चढ चढून न्तातेंच्या दारापर्यंत गेलो आणि हाकसुद्धा मारली. दाराला सेचाबानं लावलेलं नवं कुलूप होतं.

तिथेच पायरीवर बसलो. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी रडलो. मग उठून घरी गेलो, कारण कालवड अजून जिवंत होती आणि तिच्यासाठी काय करायचं ते आता मलाच ठरवायचं होतं.